‘सगळं टाकून दे’ म्हणायच्या आधी

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. म्हणाला, "दादा, मंडळाच्या जुन्या अहवालाची फाईल हाय, उघडतीय पण वाचायला काय येईना." उघडून बघितली तर पानभर इंग्रजी अक्षरं, मध्येमध्ये स्लॅश, कंस, डॉलरची खूण. पोराला वाटलं व्हायरस लागलाय. व्हायरस-बियरस काय नव्हता. ती फाईल मीच टाइप केलेली, बेळगावच्या शहापुरात एका प्रेसमध्ये डीटीपीला होतो तेव्हा, वीसेक वर्षं झाली असतील. ज्या सॉफ्टवेअरबरोबर तो फॉन्ट यायचा ते आम्ही विकत घेतलेलं नव्हतं, कुणीतरी सीडीवरून टाकून दिलेलं. ती सीडी गेली, तो कॉम्प्युटर भंगारात गेला, प्रेस पण बंद पडली, आणि मंडळाचा सगळा इतिहास त्या पेनड्राइव्हमध्ये असून नसल्यासारखा.

तर मला लोक विचारतात की बाबा फुकटात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं, आणि मी चार नावं सांगून मोकळा व्हायचो. आता आधी हे सांगतो की फुकट म्हणजे काय, कारण आपल्याकडं सगळ्या फुकटाला एकच शब्द हाय आणि घोळ तिथंच होतोय.

बेळगावात सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला की पहिलं काम फॉरमॅट मारणं, आणि मारणाऱ्याला आपण काय सांगतो, "सगळं टाकून दे रे." तो चार-पाचशे रुपयांत विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल, सगळं टाकून देतो. हे फुकट नाही, हे चोरीचं. कायद्याचं सोडा एकवेळ, कामाचं बोलू. सॉफ्टवेअरमध्ये एक भाग असतो जो बघतो की पैसे भरलेत का, क्रॅकवाला तो भागच कापून टाकतो, आणि हे करताना तो आणि काय काय आत घालतो ते आपल्याला कधीच कळत नाही. बारकाईनं बघा, प्रत्येक क्रॅकच्या सूचनेत पहिली ओळ असते की अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे पाहुणा येतोय आणि आधीच फोन करून सांगतोय की कुत्रा बांधून ठेवा, मागचं दार उघडं ठेवा. मी पण ठेवलं होतं. एका रात्रीत सगळ्या फाईलींची नावं बदलली, शेवटी कसलीतरी अक्षरं चिकटली, एकही उघडेना, आणि स्क्रीनवर चिठ्ठी की पैसे पाठव मग सोडतो. दोन सीझनच्या लग्नपत्रिकांची डिझाइनं गेली. बॅकअप? तो त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये होता, हसू नका.

दुसरं फुकट म्हणजे ट्रायल, महिनाभर चालतंय मग पैसे मागतंय. त्यात लबाडी काय नाही, सरळ सांगितलेलं असतं. तिसरं फुकट म्हणजे पैसे घेत नाहीत पण वस्तू त्यांचीच, आज देतात उद्या बंद करतील, किंवा जाहिराती दाखवतील, किंवा आपली माहिती बघतील. मोबाईलवरची बरीच ॲपं ह्यातली.

आणि चौथं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय, ते मुक्त. सॉफ्टवेअर माणूस लिहितो तेव्हा ते वाचता येण्यासारखं असतं, त्याला सोर्स कोड म्हणतात, मग त्याचं मशीनला कळेल असं रूपांतर करतात. कंपन्या बहुतेक वेळा हे दुसरंच देतात, चालवा, आत काय हाय ते विचारू नका. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. पार्ट करून देणारे पुष्कळ, पण पार्टबरोबर त्याचं ड्रॉइंग पण हातात देणारा, आणि वर म्हणणारा की उद्या मी नसलो तर दुसऱ्या कुणाच्या लेथवर करून घे, पाहिजे तर आकार बदल, पाहिजे तर विक सुद्धा, असा कोण भेटलाय का? मुक्त सॉफ्टवेअरवाले तसं करतात. वापरा, आत बघा, बदला, वाटा, ह्या चारही गोष्टींची परवानगी लेखी असते.

ह्याची सुरुवात एका प्रिंटरपासून झाली हे मला फार आवडतं, कारण माझं अर्धं आयुष्य प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढण्यात गेलंय. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन म्हणून प्रोग्रामर होता. त्यांच्या लॅबमधला आधीचा प्रिंटर जॅम झाला की कॉम्प्युटरवर निरोप यावा अशी सोय त्यानं स्वतः केली होती. नवीन लेझर प्रिंटर आला तर त्याचा सोर्स कोडच द्यायला तयार नाहीत, म्हणजे जिन्यावरून चढून जायचं आणि बघायचं की कागद अडकलाय. ह्या असल्या गोष्टींनी तो वैतागला आणि १९८३ ला त्यानं मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा ग्नू नावाचा प्रोजेक्ट जाहीर केला. १९८९ ला जीपीएल नावाचं लायसन्स आलं, त्याची मेख अशी की तुम्ही आमचं घेऊन बदलून पुढं दिलंत तर तुमचं ड्रॉइंग पण पुढं द्यायचं, दडवायचं नाही. मग १९९१ ला फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या कॉलेजच्या पोरानं लिनक्स काढलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स हाय, म्हणजे तुम्ही मुक्त सॉफ्टवेअर वापरता आधीपासूनच, फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

मग ह्यांचं पोट कसं भरतंय, हा आमच्या मारुती गल्लीतल्या मित्राचा प्रश्न, दुकानदार माणूस, रास्त प्रश्न. कुणी देणग्यांवर चालवतंय, कुणी सपोर्टचे पैसे घेतंय, आणि लिनक्सचं बरंच काम मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनियर करतात कारण त्यांचे सर्व्हर त्याच्यावरच चालतात. फायरफॉक्स ह्या ब्राउझरची बरीच कमाई त्यात गुगलचं सर्च ठेवण्याबद्दल गुगलकडनंच येते. सगळेच साधुसंत हाय असं काय नाही.

आता कामाचं. घरात, दुकानात, मंडळात नव्वद टक्के काम कसलं तर पत्र, अर्ज, हिशोब आणि पीडीएफ. त्याला लिब्रेऑफिस. रायटर म्हणजे वर्डच्या जागी, कॅल्क म्हणजे एक्सेलच्या जागी, इम्प्रेस म्हणजे पॉवरपॉइंटच्या जागी, आणि ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून किरकोळ दुरुस्ती करता येतीय. वर्ड-एक्सेलच्या फाईली उघडतात, त्याच प्रकारात सेव्ह पण होतात. फार गुंतागुंतीची फाईल असली तर टेबल इकडंतिकडं सरकतंय, ते मान्य.

ह्या लिब्रेऑफिसची जन्मकथा म्हणजे चौथं फुकट काय असतं त्याचा पुरावाच की. जर्मनीत स्टारऑफिस म्हणून एक होतं, ते १९९९ ला सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं आणि २००० साली त्याचा सोर्स खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं. पुढं २०१० ला ओरॅकलनं अख्खी सन कंपनीच घेतली. तिथं काम करणाऱ्यांना वाटलं आता ह्याचं काय खरं नाही, म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात बरेच जण बाहेर पडले, डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, परवानगी आधीच दिलेली होती. एकत्र कुटुंबातनं वाटणी होते पण इथं दोघांनाही अख्खं घर मिळालं. मालक बदलला, कंपनी विकली गेली, तरी वापरणाऱ्याचं काय अडलं नाही. आमच्या प्रेसच्या त्या सॉफ्टवेअरचं असं झालं असतं तर मंडळाचा पोरगा माझ्याकडं आलाच नसता.

फाईलीचा प्रकार पण तसाच. लिब्रेऑफिसची स्वतःची फाईल ओडीटी, ओडीएस अशा नावाची असते, तो प्रकार २००६ ला आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झाला, त्याचा नियम छापलेला हाय, कुणीही वाचणारं सॉफ्टवेअर बनवू शकतो. माझी पद्धत साधी हाय, मूळ फाईल ओडीटीत ठेवायची, दुसऱ्याला द्यायची असली तर पीडीएफ, आणि त्यालाच दुरुस्ती करायची असली तर वर्डमध्ये सेव्ह करून.

एक गोष्ट मात्र कोण सांगत नाही आणि मराठी माणूस इथंच वैतागून लिब्रेऑफिस काढून टाकतो. रायटरमध्ये स्टाइल बदलायला गेलं की फॉन्टच्या खिडकीत दोन वेगळे कप्पे असतात, एक वेस्टर्न आणि एक सीटीएल, म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मराठी आणि कन्नड दोन्ही ह्या सीटीएलमध्ये येतात. लोक वेस्टर्नच्या कप्प्यात साइज १४ करतात, ओके दाबतात, आणि मराठी अक्षर होतं तेवढंच. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, तुम्ही इंग्रजीचा साइज बदललाय. टूल्समध्ये ऑप्शन्समध्ये जाऊन भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टला मराठी लावायचं, मग ऑप्शन्समध्येच रायटरच्या खाली बेसिक फॉन्ट्स (सीटीएल) च्या पानावर त्याचा फॉन्ट ठरवायचा, एकदा केलं की झालं. मला हे कळायला सहा महिने लागले.

आमच्या वडगावातल्या काकू, लुगडी विणणाऱ्यांच्या घरातल्या, वीस बायकांची भिशी चालवतात. वहीत लिहायच्या, आणि दर महिन्याला कुणाचे राहिले ह्याच्यावरनं वाद. पोरीनं त्यांना कॅल्कमध्ये करून दिलं, आडवे महिने, उभी नावं, भरले की १ लिहायचा, शेवटच्या रकान्यात बेरीज. रिकामा चौकोन लाल दिसावा एवढी एक कंडिशन लावली. काकूंना फॉर्म्युला-बिर्म्युला काय माहीत नाही, पण आता बायका आल्या की त्या लॅपटॉप फिरवून ठेवतात, बोलत काय नाहीत. लाल चौकोनच बोलतोय.

आता त्या इंग्रजी अक्षरांच्या गोंधळाचं, कारण सीमाभागातल्या माणसाला हे कळलंच पाहिजे. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचं चित्र बसवलेलं असायचं. कृतिदेव फॉन्टात ‘राम’ लिहायला जे, के, ई ही तीन बटणं दाबायची, कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही जेकेई लिहिलंय, फक्त त्या फॉन्टाचा चष्मा लावला तर राम दिसतोय. चष्मा हरवला की परत जेकेई. आणि प्रत्येक कंपनीचा चष्मा वेगळा. कन्नडवाल्यांचं पण तेच रडगाणं, त्यांच्या नुडी सॉफ्टवेअरातल्या जुन्या फाईली नव्या कॉम्प्युटरवर अशाच गिचमिड दिसतात. एकाच पत्रिकेवर मराठी आणि कन्नड पाहिजे असलं की आम्ही प्रेसमध्ये दोन सॉफ्टवेअरांत टाइप करून मग कोरलमध्ये जोडायचो, आणि चूक निघाली की परत पहिल्यापासून.

युनिकोडनं हे मिटवलं. जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर. आपल्या ‘क’चा नंबर २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. गंमत बघा, दोन्हीत फरक ८९६ चा, ‘ख’ घ्या तरी ८९६, ‘ळ’ घ्या तरी ८९६. भारतातल्या लिप्यांसाठी आधी सरकारी कोड होता, त्यात सगळ्या लिप्या एकाच वर्णमालेच्या क्रमानं मांडलेल्या, युनिकोडनं तीच मांडणी उचलली. म्हणून शेजारी शेजारी घरं बांधावीत तशा बसल्यात.

कीबोर्डात पण तेच. इनस्क्रिप्ट म्हणून सरकारी मांडणी हाय, विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये ती आधीपासून असते, डाउनलोड काय करायचं नाही, सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि कन्नड भाषा जोडायच्या आणि विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलतीय. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी के च्या बटणावर ‘क’ हाय, मराठी लावलं तर मराठी ‘क’, कन्नड लावलं तर कन्नड ‘क’. एक मांडणी बोटांत बसली की दोन्ही लिप्या आल्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड फाडफाड बोलता येतंय पण लिहायचं म्हटलं की हात थांबतोय, त्यांना तर हे फार सोयीचं, कारण उच्चार माहीत असला की बोट आपोआप जातंय. ज्याला शिकायचा कंटाळा असेल त्यानं फोनेटिक लावावं, इंग्रजीत राम लिहिल्यासारखं करायचं, मराठी उमटतंय. पण दिवसभर टाइप करणाऱ्याला मी इनस्क्रिप्टच सांगीन. आणि ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’मधला तो आडवा र फोनेटिकवाल्यांना सापडतच नाही, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, झालं.

फॉन्ट पण मुक्त मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ नावाचाच फॉन्ट हाय, मजकुराला सुंदर. त्यांचाच बलू म्हणून जाडसर, गोलसर फॉन्ट, त्याचा देवनागरी भाऊ आणि कन्नड भाऊ दोन्ही आहेत, एकाच वळणाचे. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतंय, खाली मराठी घालायचं तर दोन्ही अक्षरं एकमेकांना शोभली पाहिजेत, नाहीतर वर सूट-बूट आणि खाली पायजमा असं दिसतंय. हे फॉन्ट वापरायला, छापायला पैसे लागत नाहीत.

बाकीची नावं भराभर सांगतो. व्हिडिओला व्हीएलसी, तो केशरी शंकू, पॅरिसजवळच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं, असली कुठली फाईल नाही जी ते चालवत नाही. झिप आणि रार उघडायला सेव्हन-झिप, ते चाळीस दिवसांची ट्रायल संपली म्हणून रोज टोचणारं दुसरं कशाला पाहिजे. फोटोला गिम्प, शिकायला वेळ लागतोय हे खरं, फोटोशॉपची बटणं शोधत बसू नका. आवाज कापायला, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग साफ करायला ऑडॅसिटी. पासवर्ड डायरीच्या मागच्या पानावर लिहिणाऱ्यांना कीपासएक्ससी, सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाईलीत आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात, पण त्या फाईलीचा मुख्य पासवर्ड विसरलात तर देव पण उघडू शकत नाही.

एकाला जरा जास्त वेळ देतो, टेसरॅक्ट. हे फोटोतलं छापील अक्षर वाचून मजकूर करून देतंय. एचपी कंपनीत ऐंशीच्या दशकात बनलेलं, २००५ ला खुलं केलं, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतंय. ते तसं काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचं काम हाय म्हणून त्याच्यावर जीइमेजरीडर नावाची खिडकी बसवून वापरायचं. ग्रामपंचायतीची, लाइटवाल्यांची नोटीस कन्नडमध्ये येतीय, आमच्या आबांना ती अक्षर-अक्षर लावून वाचावी लागायची. आता स्कॅन करून टेसरॅक्टमधनं काढतो, तो मजकूर ऑनलाइन भाषांतराला टाकतो, निदान कशाबद्दल हाय आणि शेवटची तारीख काय ते कळतंय. पैशाचे आकडे मात्र मूळ कागदावरच बघायचे, आकड्यात ते चुकतंय. आणि खाते नंबर, आधार नंबर असलेला मजकूर भाषांतराला टाकायच्या आधी तेवढं खोडायचं.

जिथं जमत नाही तिथं जमत नाही. तुमचा सीए टॅलीत काम करतोय तर तुम्ही ग्नूकॅश हे हिशोबाचं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन त्याच्याशी भांडू नका, टॅली विकत घ्या नाहीतर हिशोब त्याच्याकडंच ठेवा. प्रेसला कोरलची फाईल लागतीय तर कोरलच्या जागी चालणाऱ्या मुक्त इंकस्केपमध्ये बनवा, चालतंय, पण अक्षरांचं चित्र करून पीडीएफ द्या, आणि रंग छापून बघितल्याशिवाय हजार प्रती मारू नका, कारण स्क्रीनवरचा रंग आणि मशीनचा रंग ह्यांचं जमत नाही. मी एकदा कुंकवाच्या रंगाची पत्रिका विटकरी काढलीय, मुलीच्या बापाचा चेहरा अजून आठवतोय.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला जुने लॅपटॉप चालत नाहीत, तेव्हा खूप जणांनी विचारलं की आता हे फेकायचं का. चार जीबी रॅमचा असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकून बघा, एक्सएफसीई म्हणतात तिला. आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघता येतंय, आतलं काही न पुसता. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर चालतोय का तेवढं तपासा, स्कॅनर कधीकधी रुसतोय. आमच्या घरातला २०१३ चा लॅपटॉप असाच चालू हाय, पोरीचा अभ्यास त्याच्यावर.

डाउनलोड कुठनं करायचं हे शेवटचं, पण चुका इथंच जास्त. नाव गुगलवर टाकलं की वरचे दोन-तीन रिझल्ट जाहिरातीचे असू शकतात, त्यात खोट्या साइटी घुसतात. त्यांच्या स्वतःच्या साइटवरनंच घ्यायचं. पानावर हिरवं मोठं डाउनलोड बटण दिसलं की संशय घ्यायचा, खरं बटण बऱ्याचदा बारकं असतंय. आणि इन्स्टॉल करताना नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटायचं नाही, मध्येच एक टिक असते की हे पण टाकू का, ती काढायची. खरं मुक्त सॉफ्टवेअर तुम्हाला अँटीव्हायरस बंद कर म्हणून कधीच सांगत नाही.

मंडळाची फाईल? जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात, त्यातनं काढली. ऐंशी टक्के सरळ आली, जोडाक्षरं आणि र ची सगळी भानगड हातानं दुरुस्त करावी लागली, देणगीदारांच्या यादीत तर निम्मी आडनावं मोडलेली. ती दोन पानं अजून राहिलीत, पोरगा म्हणाला रविवारी येतो, त्याच्या आबांना घेऊन येतो, त्यांना सगळ्यांची नावं पाठ आहेत.